दुसऱ्याची जुनी, पार झिजलेली गोधडी दुरुस्त करायची असेल तर: सुरुवातीपासून शेवटपर्यंत

सोलापुरात थंडी तशी गड्ड्याच्या यात्रेपुरतीच, संक्रांतीच्या आगेमागे, पण माळ्यावरच्या आणि ट्रंकेतल्या गोधड्या बाहेर निघतात त्या याच दिवसात. आणि उघडल्यावर कळतं की वरचं लुगडं विरलंय, काठ लोंबतायत, मधले थर एका कोपऱ्यात गोळा झालेत. मग ज्याच्या हाताला टाका आहे त्याच्याकडे ती गोधडी येते, "बघ की गं, ह्याचं काही होतंय का" म्हणून. मी बरीच वर्षं हे काम करते, शेजाऱ्यांचं, नातेवाईकांचं आणि आता पैसे घेऊन अनोळखी लोकांचंही. पॅचवर्कचे व्हिडिओ भरपूर आहेत पण दुसऱ्याची जीर्ण गोधडी हातात आली की काय करायचं, कुठे थांबायचं, हे कुणी नीट सांगत नाही म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

स्वतःच्या घरची असेल तर कापा, जोडा, काहीही करा. दुसऱ्याची असेल तर एक नियम मी कधीच मोडत नाही: जुनं कापड कापून काढायचं नाही, त्याच्यावर किंवा त्याच्याखाली नवीन घालायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

आधी बोलणं, मग सुई

गोधडी हातात घेतली की पहिला प्रश्न, "वापरायची आहे का नुसती जपून ठेवायची?" यावर पुढचं सगळं ठरतं. रोज अंगावर घ्यायची असेल तर मजबुती आधी, मग ठिगळं थोडी जास्त दिसली तरी चालतात. नुसती आठवण म्हणून ठेवायची असेल तर कमीत कमी हात लावायचा, जे सुटतंय तेवढं धरून ठेवायचं बस. तान्ह्या बाळाच्या अंगाखाली घालायची म्हणत असतील तर अजून वेगळं, कारण ती सारखी धुवावी लागणार आणि जीर्ण कापड ते सहन करणार नाही, तसं स्पष्ट सांगायचं.

दुसरा प्रश्न, "यातला कुठला तुकडा कुणाचा?" हे विचारल्याशिवाय सुरुवात करूच नका. शेजारच्या काकूंनी त्यांच्या सासूबाईंची गोधडी आणली होती, वर इरकली लुगडं, मध्ये धोतराचे थर, खाली परकराची आणि झंपरांची जोड. बघणाऱ्याला वाटेल इरकलीचा काठ वाचवायचा, बाकीचं काय तसंच. पण काकूंनी बोट ठेवलं ते खालच्या अंगाला असलेल्या हातभर जांभळ्या छिटाच्या तुकड्यावर, त्यांच्या नणंदेचं लहानपणीचं परकर होतं ते, आणि ती नणंद आता नाही. तो तुकडा सगळ्यात जास्त फाटलेला होता. न विचारता काम केलं असतं तर त्याच्यावरच पहिलं ठिगळ बसलं असतं.

तिसरा प्रश्न धुण्याचा. खूप जणांना वाटतं धुणं म्हणजे झालंच पाहिजे, पण काही लोकांना त्या गोधडीचा वास तसाच हवा असतो, आईचा वास. तो एकदा गेला की गेला. म्हणून धुण्याची परवानगी वेगळी मागायची.

मग फोटो काढा, दोन्ही बाजूंचे, शेजारी टेप ठेवून, आणि फाटलेल्या प्रत्येक जागेचा जवळून. काय करणार, काय नाही करणार, कधी देणार, किती पैसे, हे सगळं व्हॉट्सॲपवर एका मेसेजमध्ये लिहून पाठवा म्हणजे दोघांकडे राहतं. पैशाचं बोलायला संकोच करू नका. हाताचं काम आहे, तास जातात, आणि आधी न बोललेला आकडा नंतर नात्यात खुपतो.

तपासणी

फरशीवर पांढरी चादर अंथरा आणि त्यावर गोधडी पसरा, म्हणजे झडणारा भुगा, कसर, ढेकूण जे काय असेल ते दिसतं. ढेकणाची शंका आली तर घरात आणूच नका, मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बांधून बाहेरच ठेवा आणि ज्याची आहे त्याला सांगा.

आता दोघांनी दोन टोकं धरून, खालून तळव्याचा आधार देत, खिडकीच्या उजेडासमोर थोडी थोडी उचला. मधले थर जिथे गेलेत तिथून उजेड आरपार येतो. वरून धड दिसणारी गोधडी आतून किती पोकळ आहे हे इथे कळतं. त्या जागांवर रंगीत दोऱ्याचा एक सैल टाका घालून खूण करा. पेन, मार्कर, खडू काही नको.

मग चिमटीची परीक्षा. कापडाचा एक पदर दोन बोटांच्या चिमटीत धरून अगदी हलकं ताणायचं. तीन गोष्टी होऊ शकतात. कापड तग धरतं, म्हणजे ते टाका पेलेल. धागे सरकतात आणि जाळी दिसते, म्हणजे विरलंय, आधार दिला तर टिकेल. किंवा चर्र आवाज करून फाटतं, बोटाला भुगा लागतो, म्हणजे कुजलंय, आणि त्यात घातलेला प्रत्येक टाका नवीन भोक पाडणार. फाटलेल्या जागेच्या चहूबाजूंनी ही परीक्षा करत बाहेर बाहेर जा, धड कापड कुठून सुरू होतं ते शोधा. ठिगळ भोकाच्या मापाचं नसतं, ते धड कापडापासून धड कापडापर्यंतचं असतं. बहुतेक ठिगळं वर्षात सुटतात ती याच कारणाने, भोक बुजवलेलं असतं पण शिवलेलं असतं कुजक्या कापडाला.

काळ्या आणि गडद तपकिरी तुकड्यांकडे जास्त लक्ष द्या. जुन्या काळात हे रंग लोखंडाच्या क्षारावर बसवायचे आणि लोखंड हळूहळू सुताला खातं, आणि नंतरच्या गंधकाच्या काळ्या रंगातही दमट जागी वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर आम्ल तयार होतं. त्यामुळे एकाच गोधडीत लाल तुकडा टणक आणि त्याला लागून असलेला काळा पार गेलेला, असं सर्रास दिसतं. तोंडाकडचा काठही असाच, घाम, डोक्याचं तेल आणि ओढताना हाताची पकड, सगळं तिथेच.

धुवायची असेल तर

आधी रंगाची परीक्षा. पांढरा सुती कपडा ओला करून प्रत्येक रंगाच्या तुकड्यावर दोन-तीन मिनिटं दाबून धरा. रंग लागला तर ती गोधडी पाण्यात घालायची नाही. इरकलीचा लाल पदर हमखास तपासा, तो रेशमाचा किंवा आर्ट सिल्कचा असतो, अंगाचं कापड सुती असलं तरी, आणि त्याचा रंग उतरून शेजारच्या पांढऱ्या धोतरावर बसला की निघत नाही.

रंग पक्का असेल तर फाटलेल्या जागांवर वरून-खालून मच्छरदाणीच्या जाळीचे तुकडे ठेवून लांब लांब कच्च्या टाक्याने धरून घ्या. ओलं जीर्ण कापड स्वतःच्या वजनाने फाटतं, म्हणून गोधडी कधी हाताने लोंबकळत उचलायची नाही. मोठ्या टबात किंवा टिपाडात आधी एक जुनी चादर घाला, तिच्यावर गोधडी, आणि पाणी बदलताना चादरीची चार टोकं धरून दोघांनी उचला. कोमट पाणी, थोडा सौम्य लिक्विड साबण, अर्धा तास, आणि तळहाताने नुसतं वर-खाली दाबायचं. सोडा नको, ब्लीच नको, ब्रश नको, पिळायचं तर अजिबात नाही. वॉशिंग मशीनचा विषयच नाही.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही त्यामुळे हे काम पाणी यायच्या दिवशीच धरा, कारण साबण निघेपर्यंत चार-पाच वेळा पाणी बदलावं लागतं आणि अर्धवट राहिलेला साबण कापड कडक करतो. बोअरचं जड पाणी शक्यतो नको, निदान शेवटचं पाणी तरी नळाचं घ्या. मग कोरड्या टॉवेलांमध्ये घालून दाबून पाणी टिपा (आपले सोलापुरी टर्किश टॉवेल याला एक नंबर) आणि बाजेवर सावलीत आडवी वाळत घाला. दोरीवर नाही, गच्चीच्या उन्हात तर नाहीच, इथलं मार्च ते मे महिन्यातलं ऊन रंगही खातं आणि सूतही. पूर्ण वाळायला दोन दिवस लागले तरी लागू द्या, मधूनमधून बाजू बदला, आतला थर ओला राहिला की बुरशी.

कुजलेला भाग जास्त असेल तर धुऊच नका. जाळी वर ठेवून तिच्यावरून व्हॅक्यूम क्लीनर कमी ताकदीवर फिरवा, नाहीतर सावलीत वाऱ्याला दोन-तीन दिवस ठेवा, पुष्कळ फरक पडतो.

सामान

ठिगळाचं कापड जुन्या कापडाइतकंच किंवा त्याहून हलकं हवं. सगळ्यात चांगलं म्हणजे वापरून मऊ झालेली सुती साडी किंवा धोतर, शक्यतो त्याच घरातलं. मी मागूनच घेते, "घरात एखादी जुनी सुती साडी असेल तर द्या", आणि लोक आनंदाने देतात. नवीन घ्यायचं तर चाटी गल्लीत, फलटण गल्लीत मलमल आणि मांजरपाट मिळतं, पण घरी आणून गरम पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून मगच कात्री लावा. नवीन सुती कापड मीटरला ३ ते ५ सेंटिमीटर सहज आटतं, आणि खळ असते ती वेगळीच. न धुता लावलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि जुन्या कापडाला ओढून फाडतं. पॉलिस्टर, टेरिकॉट नको, ते सुतापेक्षा टणक असतं आणि कडेने जुनं कापड कापत जातं.

खालून आधाराला सोलापुरी चादरच लावून द्या असं बरेच जण सुचवतात. चादर आपली शान आहे, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली आहे, पण इथे ती नको. जकार्डची ती दुहेरी जाड वीण, तिचं वजन जीर्ण गोधडीला खाली ओढत राहतं आणि हाताने सुई घालताना बोटं सोलून निघतात. अस्तराला मलमल किंवा पातळ मांजरपाट पुरे.

दोरा सुतीच. भरतकामाच्या लडीत सहा पदर असतात त्यातले दोन-तीन घ्या, किंवा जाड सुती रीळ घ्या, आणि मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढा म्हणजे गुंता होत नाही. नायलॉन मजबूत असतो म्हणून लोक घेतात, पण ताण आला की कुणीतरी तुटणारच, दोरा तुटला तर परत घालता येतो, कापड तुटलं तर काय करणार. सुई लांब आणि जमेल तेवढी बारीक, दाभण लांब ठेवा. अंगुस्तान घाला, चार-पाच थरातून दिवसभर सुई ढकलायची म्हणजे बोटाची चाळण होते.

शिलाई मशीन नको. मशीनचे टाके जवळजवळ आणि एका ओळीत, जीर्ण कापडाला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि त्या रेषेवर ते सुटून येतं.

प्रत्यक्ष दुरुस्ती

पहिलं काम सगळी गोधडी धरून घेणं. मधोमध सुरू करून बाहेरच्या दिशेला, वीतभर अंतरावर आडवे-उभे कच्चे टाके घाला. हे नंतर काढायचे आहेत त्यामुळे वेगळ्या रंगाचा दोरा घ्या. हे न करता ठिगळ लावायला घेतलं तर थर सरकतात आणि शेवटी एक कोपरा तिरका होतो, मग काय केलं तरी सरळ होत नाही.

दुसरं आतले थर. जिथे उजेड आरपार दिसला होता तिथे जुनी फट असेल तर तिच्यातूनच हात घाला, नसेल तर जुन्या धावदोऱ्याचे मोजकेच टाके उसवा, कापड कापू नका. गोळा झालेलं आतलं कापड बोटांनी परत पसरवा. कमी पडलं तर जुन्या धोतराचे तुकडे घाला, पण एकावर एक कडा येऊ देऊ नका, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा बोटभर मोठा ठेवा म्हणजे अंगाला वळ लागत नाही. कापूस भरायचा मोह टाळा. आपली गोधडी कापडाच्या थरांची आहे, रजईसारखी कापसाची नाही, आणि मध्येच भरलेला कापूस गोळे करतो.

आता ठिगळं, आणि इथे घाई अजिबात नको. खाली घालायचं का वर, हे आधी ठरवा. कडा धड असतील, म्हणजे चांगल्या कापडात नुसतं फाटलंय, तर ठिगळ खालून सरकवा, फाटलेल्या कडा त्याच्यावर जुळवून ठेवा आणि बारीक टाक्यांनी बसवा, मूळ तुकडा तसाच दिसत राहतो. कापड विरलं असेल तर खाली मलमल आणि वरून अगदी पारदर्शक नेट, दोन्हीच्या मध्ये जुनं कापड धरायचं. जांभळ्या छिटाचं आम्ही हेच केलं. नेट त्याच रंगाच्या जवळचं घेतलं तर हातभर अंतरावरून कळतही नाही, आणि तुकडा डोळ्यासमोर राहतो. पार कुजलं असेल तर मालकिणीला विचारून वरून पूर्ण ठिगळ, जुनं आत तसंच ठेवून.

वरचं ठिगळ कापताना धड कापडाच्या हद्दीपासून अजून दोन बोटं जास्त घ्या, शिवाय दुमडायला अर्धा इंच. ताणा-बाणा जुळवा, म्हणजे ठिगळाचा उभा धागा गोधडीच्या उभ्या धाग्याबरोबरच आला पाहिजे, नाहीतर दोन कापडं दोन दिशांना ताणतात आणि सुरकुती पडते. सोलापुरात हे सांगायला नको, मागावर बसलेल्या कुठल्याही घरातल्या माणसाला विचारा, तो कापड बोटात धरून ताणा कुठला ते सांगेल. टोकं गोल कापा, चौकोनी टोक आधी उचकटतं. अर्धा इंच आत दुमडून टाचण्या न लावता (टाचणी जीर्ण कापडात भोक ठेवते) कच्च्या टाक्याने धरा, मग कडेने तुरपाई. टाका ओढून घट्ट करू नका, दोरा कापडावर नुसता टेकला पाहिजे.

गाठ कुठेही दिसायला नको आणि जीर्ण कापडावर तर येताच कामा नये. सुई थोड्या अंतरावरून थरांच्या मधून आत घाला, बारीक गाठ हलक्या झटक्याने आतल्या थरात ओढून घ्या, मग टाका सुरू करा.

मग धावदोरा. जुन्या ओळी निरखून बघा, बहुतेक गोधड्यांत शिवण काठापासून सुरू होऊन चौकोनात फिरत मध्याकडे जाते, काहींत सरळ ओळी असतात. दोन ओळींमधलं अंतर आणि एका इंचातले टाके मोजा. चार असतील तर चारच घाला, तुमचा हात सहाचा असला तरी. शिवणारीची लय असते ती, नवीन ओळ तिच्यात मिसळली पाहिजे. जुना दोरा जिथे टिकून आहे तिथे तो काढू नका, सुटलेल्या जागेच्या दोन-तीन इंच आधी, जुन्या टाक्यांच्या शेजारून सुरू करून पुढे दोन-तीन इंच चालू ठेवा. थर जाड असेल तिथे एकदम चार टाके सुईवर घेऊ नका, सुई सरळ खाली, सरळ वर, एकेक. वेळ लागतो पण कापडावर ताण येत नाही.

शेवटी काठ. झिजलेला काठ कापून सरळ करायचा नाही, नव्या पट्टीच्या आत झाकायचा. पट्टी ३ इंच रुंद कापा, दोन्ही कडा अर्धा-अर्धा इंच दुमडल्या की दोन्ही बाजूंना एक-एक इंच बसते. काठ जास्त गेला असेल तर ४ इंच. ५ बाय ७ फुटांच्या गोधडीचा घेर २४ फूट, कोपरे आणि जोड धरून २५ फूट पट्टी लागते, ४४ इंची पन्ह्यातून ३ इंची ८ पट्ट्या काढल्या की पुरतं, म्हणजे पाऊण मीटर कापड घेतलं की झालं. सरळ काठाला सरळ पट्टी, कोपरे गोल असतील तर तेवढ्यापुरती उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, ती वळणावर चुण्या न पडता बसते. पुढून आणि मागून एकदम शिवायचा प्रयत्न करू नका, आधी पुढची बाजू, मग पट्टी उलटवून मागची, नाहीतर मागचा टाका हमखास निसटतो. तोंडाकडच्या बाजूला पट्टीवर अजून एक सुटी, काढता येणारी पट्टी टाकून द्या, मळली की तेवढीच उसवून धुता येते.

सगळं झालं की कच्चे टाके काढा. ओढून नाही, दर दोन टाक्यांनंतर कापून.

परत देताना

गोधडी पसरून दाखवा, काय केलं ते बोट ठेवून सांगा, आणि काय केलं नाही तेही सांगा. सुटून पडलेले तुकडे, धागे, जुनं एखादं बटण, कागदाच्या पाकिटात घालून सोबत द्या, टाकायचं का ठेवायचं ते त्यांचं ते बघतील. आधीचे फोटो पाठवून द्या.

ठेवण्याचंही नीट सांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, जुन्या धुतलेल्या सुती साडीत गुंडाळून ठेवायची. खळ अजिबात घालायची नाही, कसर खळीवरच येते. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नका, कडुलिंबाचा वाळका पाला वेगळ्या पुरचुंडीत ठेवला तर चालतो, दर काही महिन्यांनी बदला. घडीपेक्षा गुंडाळी बरी, आणि घडीच करायची असेल तर दर खेपेला वेगळ्या जागी, कारण कापड घडीवर आधी तुटतं. वर्षातून दोनदा बाहेर काढून सावलीत वारा द्यायचा. आणि एखादा टाका सुटलेला दिसला तर घरी ओढून बघू नका, तसाच घेऊन या, बोटभर सुटलेलं दहा मिनिटात होतं, तेच पावसाळाभर राहिलं की हातभर होतं.